भाजीपाला आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

घरात कुणाला मुतखडा झाला की पहिली गदा येते ती टोमॅटो आणि पालक यांच्यावर. त्यामुळे भाजी ही मूत्रपिंडाला बाधक, अशी एक समजूत आपल्याकडे मूळ धरून बसली आहे. उलटपक्षी, भरपूर भाज्या खाणाऱ्यास कर्करोग शिवत नाही, असे तितक्याच ठामपणे सांगणारेही भेटतात. मुतखड्याचे पथ्य हा निराळा विषय आहे. तो डॉक्टरांवर सोपवून आज आपण या दुसऱ्या समजुतीचाच तेवढा विचार करू.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर टाकतात. बाकीचा सारा सूक्ष्म नलिकांमधून परत रक्तात शोषला जातो. प्रौढांना होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग बहुधा या नलिकांच्या अस्तरातील पेशींपासून उद्भवतो. २०२२ साली जगात या रोगाचे सव्वाचार लाखांहून अधिक नवे रोगी झाले असावेत, असा अंदाज आहे.

आता भाज्यांचा आणि त्याचा संबंध शोधावयाचा कसा? सोपी वाटणारी रीत अशी की, रोगी गाठावे, त्यांच्या वयाचे निरोगी लोक गाठावे आणि दोघांनाही विचारावे, दहा वर्षांपूर्वी आपण काय खात होता? परंतु गेल्या मंगळवारी कोणती भाजी केली होती हे जेथे गृहिणीला आठवत नाही, तेथे दहा वर्षांपूर्वीचे कोण सांगणार? शिवाय आजारी माणूस आपल्या आजाराचे कारण शोधीत असतो. त्याची आठवण त्या शोधाने रंगलेली असते. म्हणून अधिक विश्वासार्ह रीत म्हणजे धडधाकट माणसांचा आहार आधी लिहून घ्यावयाचा आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची.

स्वीडनमध्ये सुमारे ६१ हजार स्त्रियांच्या बाबतीत असे केले गेले. सरासरी तेरा वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यांपैकी १२२ जणींना हा रोग झाला होता. दिवसातून एकदा तरी कच्च्या भाज्या खाणाऱ्या स्त्रियांत, त्या मुळीच न खाणाऱ्यांपेक्षा, रोगाचे प्रमाण ४० टक्के कमी आढळले. गाजरासारख्या कंदमुळांचाही गुण दिसला. ४० टक्के हा आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. पण पाचशे स्त्रियांत एक रोगी, असा हा मूळचा हिशेब आहे, आणि इतक्या थोड्या रोग्यांची पुन्हा आहाराप्रमाणे गटवारी केली की पाच-दहा जणींच्या फरकाने निष्कर्ष इकडचा तिकडे होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

झालेही तसेच. २००६ साली युरोपातील अनेक देशांतल्या पावणेचार लाखांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत एकूण भाज्यांचा काहीच परिणाम दिसेना. कंदमुळांचा तेवढा थोडासा दिसला. पुढे २००९ मध्ये तेरा पाहण्या एकत्र करून पावणेआठ लाख स्त्रीपुरुषांचा हिशेब मांडण्यात आला. त्यात फळे व भाज्या मिळून रोज ६०० ग्रॅम वा अधिक खाणाऱ्यांत, २०० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांहून, रोग सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत डाळी-कडधान्ये, कोंड्यासकट धान्य आणि कोबीच्या जातीच्या भाज्या यांच्याही बाजूने कौल पडला. तरीही वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेने २०१५ साली सारा पुरावा चाळून भाज्यांविषयी निश्चित निष्कर्ष काढण्याचे नाकारले. मला हा सावधपणा योग्य वाटतो.

कारण असे की, रोज कोशिंबीर खाणारा मनुष्य इतर बाबतींतही वेगळा असतो. तो विडी-सिगारेट कमी ओढतो, चालतो-फिरतो, रक्तदाब तपासून घेतो. आणि तंबाखूचा धूर, स्थूलपणा व वाढलेला रक्तदाब ही तर या कर्करोगाची पक्की ठाऊक असलेली कारणे. गणिताने हे भेद वजा करता येतात, पण पुरते नव्हे. भाज्यांचा उपकार कदाचित याच वाटेने, आडून होत असेल: त्यांनी पोट भरते पण चरबी वाढत नाही, आणि त्यांतील पोटॅशियम रक्तदाब उतरविण्यास साह्य करते. तसे असेल तर त्याच ताटात लोणचे-पापडाच्या मिठाची रेलचेल करून आपण तो उपकार एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने परत करीत असतो! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने रोज ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे सुचविले आहे, ते साऱ्या प्रकृतीच्या दृष्टीने. जेवणानंतर विडी पेटविणाऱ्याला तो सल्ला चिलखतासारखा उपयोगी पडणार नाही.

ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली आहेत, त्यांनी मात्र हे भाषण ऐकून भाज्या वाढवू नयेत. त्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि ते रक्तात साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांचे ताट डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

आणखी एक गोष्ट. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी तांबूस होते. ती निरुपद्रवी असते आणि एक-दोन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. परंतु बीट खाल्लेले नसता लघवी लाल दिसली, तर वेदना नाहीत म्हणून स्वस्थ राहू नये. या कर्करोगात रक्त पुष्कळदा वेदनेवाचून जाते, एकदा दिसून मग कित्येक दिवस दिसतही नाही. आणि गाठ मूत्रपिंडापुरतीच असेतो शस्त्रक्रियेने रोगी बरा होण्याची आशा मोठी असते. अशी लघवी एकदा जरी दिसली, तरी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.