चिकाची घाई
घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, पण ती नेमकी कधी विणार हे तारखेवरून कळत नाही. म्हणून पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर रात्रपाळीचे मोतद्दार कास बघतात. सडांच्या टोकांवर चिकाचे मेणचट थेंब साकळले की ते त्या घोडीच्या ठाणापासून फारसे हलत नाहीत. बहुतेक घोड्या रात्रीच वितात.

एकदा पाणमोट फुटली की 20-30 मिनिटांत सगळं उरकतं. आधी एक पाय, थोडा मागे दुसरा आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. पाय असे मागेपुढे असले की खांदे तिरपे होऊन सुटतात. हे दिसलं की मोतद्दार हात आवरतात. मात्र पांढुरक्या पडद्याऐवजी लाल, मखमली पडदा आला, तर वार आधीच सुटली आणि शिंगराचा प्राणवायू तुटला असं समजायचं. मग डॉक्टरची वाट न बघता पडदा फाडून त्याला बाहेर घ्यायचं.

नाळ कापत नाहीत, ती उठण्याच्या धडपडीत आपोआप तुटते. बेंबी जंतुनाशकात बुडवतात. खुरांवर मऊ, पिवळट आवरण असतं, त्यामुळे आईच्या गर्भाशयाला इजा होत नाही. चालायला लागलं की ते झिजून जातं.

मग शिंगरू उठू लागतं. पाय जवळपास मोठ्या घोड्याएवढे लांब, अंग मात्र कोवळं. ते पडतं, भिंतीवर आदळतं, पुन्हा पाय पसरतं. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण सहसा कोणी त्याला उचलत नाही. मला या कामातलं खरं कसब या न उचलण्यात दिसतं. तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी, हा इथला हिशेब. वार पसरून, तिचा तुकडा आत राहिला नाही ना, हेही तपासतात.

सगळ्यात मोठी घाई चिकाची. घोडीची वार रोगप्रतिकारक घटक पोटातल्या पिलाकडे जाऊ देत नाही, त्यामुळे शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. ते घटक चिकातून मिळतात, आणि आतडं ते जेमतेम पहिला दिवसभरच शोषतं, त्यातही सुरुवातीचे तास मोलाचे. म्हणून ते कासेऐवजी आईच्या छातीशी तोंड खुपसत राहिलं, तर एवढ्यापुरती त्याला वाट दाखवतात. दुसऱ्या दिवशी रक्त तपासतात. घटक कमी भरले तर शिरेतून प्लाझ्मा देतात.

आठवड्या-दीड आठवड्यात घोडी पुन्हा माजावर येते. त्याच सुमारास शिंगराला हगवण लागते, ती बहुधा आपोआप थांबते. याच दिवसांत ते आईची ताजी लीदही खातं. नवखा कामगार ते बघून धावतो, तेव्हा जुने मोतद्दार त्याला थांबवतात: गवत पचवणारे जंतू शिंगराच्या पोटात त्यातूनच जातात.