भुशाची साक्ष

मंडळी, वळवाच्या वादळात आपल्या नांदेड-लातूरकडे बांधावरची बाभळी-लिंबाची झाडं आडवी होतात. मग घरची साखळीकरवत, म्हणजे चेनसॉ, असावी असं वाटतं. घरकामाला १४ ते १६ इंची पट्टी पुरते. घेताना साखळीला ब्रेक आहे ना, एवढं पाहा.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा. साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते. इंजिन बंद करून, हातमोजे घालून साखळी ओढा. ती लोंबू नये, पण सरकावी.

धारेची साक्ष भुसा देतो. बारीक ढलप्या उडाल्या तर धार आहे; पिठासारखा भुसा पडला तर गेली. वाळली बाभूळ धार लवकर खाते. बोथट करवतीवर माणूस जोर देतो, अन् पट्टीचं टोक अडकलं की करवत उसळून तोंडावर येते. म्हणून गोल कानस जवळ हवी.

आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं. काम संपलं की टाकी रिकामी करा.

आणि हो, उभा आंबा किंवा चिंच परवानगीशिवाय तोडता येत नाही. तसा १९६४ चा कायदाच आहे.