कर्जाची वही विहारात उघडा!

नागभीड तालुक्यातील एका शेतकऱ्याने सावकाराचे देणे फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन आपली किडनी विकली, ही बातमी डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने वाचली. दुधाच्या धंद्यासाठी उचललेले लाखभर रुपये व्याजावर व्याज चढत ७४ लाखांवर गेले, जमीन गेली, घरातले किडूकमिडूक गेले आणि शेवटी शरीराचा अवयव आठ लाखांना गेला, अशी त्याची कैफियत होती. सावकारांना अटक झाली. चार दिवस दूरदर्शनच्या वाहिन्या हळहळल्या आणि पुढच्या बातमीकडे वळल्या.

आम्हाला मात्र प्रश्न पडतो तो वेगळा. एक लाख आणि ७४ लाख यांच्या मध्ये काही वर्षे होती. त्या वर्षांत प्रत्येक महिन्याला कुठले ना कुठले देणे, कुठला ना कुठला तगादा होताच. कर्ज लाखाचे दोन लाख होत असतानाच कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसणारी, कायद्याचे कलम दाखवणारी चार माणसे गावात असती, तर किडनीपर्यंत गोष्ट गेली असती काय? आणि ती चार माणसे तयार करण्याचे काम चळवळीचे नाही तर कोणाचे?

चंद्रपूर-गडचिरोली हा जंगलाचा, कोळशाचा, लोखंडाचा श्रीमंत मुलूख आहे. माणसे मात्र उधारीवर जगतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या वेळी पैसा लागतो आणि धान विकल्यावरही चुकारे वेळेवर हाती पडतील याची खात्री नसते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काही दिवस, मग रोवणी, मग कापणी, मग तेलंगणात मिरची तोडायला जाणे. भूमिहीन माणसाचे वर्ष असे तुकड्यातुकड्यांनी जाते. मिळकत तुकड्यांनी येते, पोट मात्र रोजचे आहे. मधली पोकळी कर्ज भरून काढते. दवाखाना, मुलीचे लग्न, मुलाच्या कॉलेजची फी ही कारणे ठरलेली आहेत.

सरकारच्या कर्जमाफीने ही पोकळी भरत नाही. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या. त्या सातबारा असणाऱ्याच्या पीककर्जासाठी होत्या. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे कोणते कर्ज माफ झाले? २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज माफ करण्याचा निर्णय झाला, तोही परवानाधारक सावकारांपुरता. आमच्या वस्तीत येणाऱ्या सावकाराकडे परवाना कुठला? त्याच्याकडे फक्त एक डायरी आणि एक मोटारसायकल असते!

कर्ज ही गुलामीची बेडी

महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ साली. त्याआधी आठ वर्षे, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे सावकाराची ताकद त्याच्या कागदात असते, हे या मातीतल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाने तेव्हाच ओळखले होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी तर अर्थशास्त्रातच डॉक्टरेट मिळवली होती. १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यांनी भूतारण बँका आणि सहकारी संस्था यांचा कार्यक्रम मांडला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेती राज्याच्या मालकीची असावी आणि कसणाऱ्याला पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे, असा आराखडा दिला. याचा अर्थ सरळ आहे. भांडवलासाठी गरिबाला कोणाच्या ओट्यावर जाऊन हात जोडावे लागू नयेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला, की राजकारणात समता आणि समाजात व अर्थकारणात विषमता, ही विसंगती लवकर संपवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल.

ही विसंगती ज्याला डोळ्यांनी पाहायची आहे त्याने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पाहावी. ज्याच्याकडून शेकडा पाचने पैसे घेतले, त्याच्या पॅनेलविरुद्ध उभे राहण्याची हिंमत कोणाची होते? निळा झेंडा घरावर असतो आणि मत डायरीवाल्याच्या खिशात असते. म्हणून कर्ज ही घरातली खासगी लाजेची बाब नाही. ती स्वाभिमानाची, म्हणजेच चळवळीची बाब आहे.

आधी वही, मग वाटाघाट

कर्जातून बाहेर पडण्याची पहिली पायरी मोर्चा नाही, वही आहे. दोनशे पानी वही घ्या. कोणाकडून, कधी, किती घेतले, हातात प्रत्यक्ष किती पडले, व्याज किती ठरले, आजवर किती दिले, कागद कोणते दिले, कोरा चेक दिला काय, जामीन कोण, हे सगळे लिहा. पुष्कळ घरांत हे एका माणसाला पूर्ण माहीत नसते. नवऱ्याचे कर्ज बायकोला ठाऊक नसते आणि बायकोने गटातून उचललेले नवऱ्याला. दोघांनी एकत्र बसून लिहिल्याशिवाय वही पुरी होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा घरात महिन्याला १४ हजार येतात. धान्य, औषध, शाळा, वीजबिल यांना ९,५०० लागतात. उरले ४,५००. देणी अशी: मायक्रोफायनान्स कंपनीचे ३० हजार, हप्ता २,९००. खासगी सावकाराचे २० हजार, शेकडा पाच, म्हणजे नुसते व्याज महिन्याला हजार. बचत गटाचे १५ हजार, हप्ता हजार. किराणा दुकानाचे ४ हजार, महिन्याला ५०० द्यायचे. एकूण मागणी ५,४००. दर महिन्याला ९०० कमी पडतात. ते भागवायला नवे कर्ज काढले जाते आणि बुडण्याची सुरुवात तिथूनच होते.

यातला सर्वात महाग कोण? हप्ता कंपनीचा मोठा आहे, पण रक्त सावकार पितो. हजार रुपये व्याज देत राहिले तर दहा वर्षांत १ लाख २० हजार जातील आणि मुद्दल वीसचे वीस हजार उभेच. तेच त्याला महिन्याला १,६०० दिले, तर शेकडा पाचनेही २१ महिन्यांत खाते मिटते आणि कायद्याच्या दराने १४ महिन्यांत. म्हणून योजना अशी: सावकाराला १,६००, कंपनीकडे अर्ज करून हप्ता १,९०० वर आणायचा व मुदत वाढवून घ्यायची, गटाला ५००, दुकानाला ५००. बेरीज ४,५००. कोणाचे बुडवले नाही, नवे काढले नाही. एक खाते संपले की त्याची रक्कम दुसऱ्यावर वळवायची.

ही योजना एका कागदावर लिहून प्रत्येक धनकोला द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे करू नये. देऊ शकतो तेवढेच कबूल करावे. भीतीपोटी जास्त कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकणाऱ्याचा शब्द पुढे कोणी ऐकत नाही.

धनको चार, नियम चार

पहिला सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा जानेवारी २०१४ पासून लागू आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परवानाधारकालाही २०१४ च्या अधिसूचनेने दर बांधून दिले: शेतकऱ्याला तारणी कर्ज सालाना ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणी १५, विनातारण १८. लक्षात घ्या, हे सालाचे दर आहेत! शेकडा पाच म्हणजे सालाना ६० आणि शेकडा दहा म्हणजे १२०. पावती देणे, हिशेब देणे सावकारावर बंधनकारक आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतले असे प्रकरण जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे नेता येते. तेच या कायद्याचे जिल्हा निबंधक. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर जमीन परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. कर्जदाराच्या मागे लागून त्रास देणे हाही या कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरी मायक्रोफायनान्स कंपनी. शेजारच्या आंध्रात २०१० साली या कंपन्यांच्या वसुलीने हाहाकार माजला आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये जे नियम घातले त्यांप्रमाणे कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे निषिद्ध आहे. हप्ता ठरलेल्या ठिकाणी घ्यायचा; तिथे कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी येता येते. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्ज-कार्ड मिळाले पाहिजे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येते.

तिसरी बँक. पीककर्ज थकले की माणूस बँकेचा रस्ता बदलतो. बदलू नये. हप्ते पाडून मागता येतात, एकरकमी परतफेडीची बोलणी करता येते. तडजोड झाली तर ती लेखी घ्यावी आणि पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घेतल्याशिवाय घरी येऊ नये. तडजोडीची नोंद सिबिलमध्ये राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हेही आधी समजून घ्यावे.

चौथा आपला बचत गट आणि गावचा दुकानदार. तिथे पैसा आपल्याच बायाबापड्यांचा असतो. त्यांना थोडे द्या, पण खंड पाडू नका. अडीनडीला तेच उभे राहतात.

भीती कोणाची बाळगायची?

निव्वळ कर्ज फेडता आले नाही म्हणून पोलीस पकडून नेतील, ही सावकाराने पसरवलेली भीती आहे. तो दिवाणी मामला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे न्यायालयालाही मजुराची मजुरी, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे जप्त करता येत नाहीत. मग वसुलीवाला कोणत्या अधिकाराने सिलिंडर उचलतो? जपायचे ते कोऱ्या चेकपासून. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलेच पाहिजे. तिथे गप्प बसलो तर फौजदारी खटला उभा राहतो. वकिलाला पैसे नाहीत ही सबब नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, १५१०० हा त्यांचा फोन आहे.

उचल घेतली म्हणून सालगड्याला बांधून ठेवणे हा तर संविधानाच्या अनुच्छेद २३ चा भंग आहे आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तसले कर्जच रद्द होते. गडचिरोलीचा बराच भाग आणि राजुरा-जिवतीचा पट्टा पाचव्या अनुसूचीत आहे. तिथे आदिवासींना कर्ज देणाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेकडे दिला आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, स्वतःचा बांबू स्वतः विकला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते, ती सावकाराच्या डायरीचा हिशेब का मागू शकणार नाही?

विहाराने काय करावे?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. त्या जिल्ह्यात गावोगाव विहारे उभी आहेत. आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात वही उघडावी. वस्तीतला एक शिक्षक, एक बँक किंवा पतसंस्थेतला निवृत्त कर्मचारी, बचत गटाची एक ताई आणि कायदा शिकलेला एक तरुण एवढी माणसे पुरेत. कर्जदाराचे नाव बाहेर फोडायचे नाही, एवढी शपथ त्यांनी घ्यावी. वही लिहून द्यावी, अर्ज लिहून द्यावा, निबंधकाकडे वा बँकेत जाताना सोबत जावे. एकटी बाई मॅनेजरसमोर उभी राहते तेव्हा तिला बसायला खुर्ची मिळत नाही. चार जण सोबत गेले की खुर्चीही मिळते आणि उत्तरही! यासाठी एक पैसाही घेऊ नये. ‘कर्जमुक्त करून देतो’ म्हणून आगाऊ फी मागणारे दलाल निघाले आहेत. त्यांच्यात आणि आपल्यात फरक दिसला पाहिजे.

आणि त्याच वहीत एक पान खर्चाचेही असावे. बाबासाहेबांनी श्राद्धपक्षातून आम्हाला सोडवले. आता तेरवीच्या जागी पुण्यानुमोदनाच्या जेवणावळी आणि लग्नाच्या वरातीत डीजे आला. शेकडा पाचने पैसे काढून डीजे लावणारा माणूस नाचतो आहे ते सावकाराच्या अंगणात, हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगणारे कोणी तरी हवे.

कोणी म्हणतील, हे तर कारकुनी काम झाले, क्रांती कुठे आहे? आम्ही म्हणतो, गुलामाला गुलामीची जाणीव करून द्यायची तर त्याच्या गुलामीचा आकडाही त्याला दाखवावा लागतो. तो आकडा डायरीवाल्याच्या खिशात असेपर्यंत माणूस त्याचा आहे. ज्या दिवशी तो आपल्या वहीत आपल्या अक्षरात उतरतो, त्या दिवसापासून माणूस स्वतःचा व्हायला लागतो.

जयभीम!