शब्द तुटला, ब्राउझरने जोडला

लेखांक ९

गेल्या लेखात कुकीबद्दल बोलताना एक गोष्ट ओझरती सांगून पुढे गेलो होतो. पानातला कोड कोणी लिहिला याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं; तो कोणत्या साइटच्या पानात आला, एवढंच तो पाहतो. बँकेच्या पानात आलेला कोड बँकेचाच धरला जातो आणि बँकेच्या पानाला जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. आता त्याच पानात लोकांना नाव, पत्ता, अभिप्राय असं काही लिहायची मुभा असेल आणि साइटने ते जसंच्या तसं पानात ओतलं, तर त्यातला कोडही साइटचाच म्हणून चालणार. अमेरिकेतल्या ‘सर्ट’ या संस्थेने फेब्रुवारी २००० मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे एक्सएसएस, हे नावही त्याच सुमारास रूढ झालं. अनेकांनी मग पहिल्यांदा सुचला तो उपाय केला: घातक शब्द शोधा आणि काढून टाका.

या उपायाचं काय होतं, ते मायस्पेसच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

२००५ मध्ये मायस्पेस ही अमेरिकेतली अतिशय लोकप्रिय सोशल साइट होती. तिथे सदस्याला आपलं प्रोफाइल एचटीएमएल आणि सीएसएस वापरून हवं तसं सजवता येत असे. (बरीचशी प्रोफाइलं डोळे दिपवणारी असत, पण तो वेगळा विषय.) अशी सूट द्यायची तर पहारा हवा, हे मायस्पेसला ठाऊक होतं. त्यांचा फिल्टर स्क्रिप्ट टॅग काढायचा, क्लिक केल्यावर कोड चालवणारी अ‍ॅट्रिब्यूट काढायचा आणि ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द कुठेही दिसला तरी उडवायचा. त्या काळाच्या मानाने फिल्टर बरा होता.

लॉस एंजेलिसचा सॅमी कामकर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. स्क्रिप्ट टॅग चालत नाही म्हटल्यावर त्याने साधा डिव्ह टॅग घेतला. डिव्हच्या पार्श्वभूमीला चित्र लावण्यासाठी सीएसएसमध्ये पत्ता देता येतो, आणि तेव्हाचे काही ब्राउझर त्या पत्त्याच्या जागी ‘जावास्क्रिप्ट’ शब्दाने सुरू होणारा कोड दिला तर तो निमूटपणे चालवत. पण तो शब्द फिल्टर उडवत होता. मग सॅमीने ‘जावा’ लिहिलं, एन्टर दाबलं आणि पुढच्या ओळीवर ‘स्क्रिप्ट’ लिहिलं. फिल्टरला दोन निरुपद्रवी शब्द दिसले. इंटरनेट एक्सप्लोररने मधली नवी ओळ गिळली आणि एकच शब्द वाचला. पुढे दुहेरी अवतरणचिन्ह अडलं, तेव्हा त्याने ते लिहिलंच नाही. ‘३४ क्रमांकाचं अक्षर दे’ असं कोडलाच सांगितलं, कारण दुहेरी अवतरणाचा क्रमांक ३४ आहे. ‘इनर-एचटीएमएल’ हा शब्दही बंद होता. त्याचे त्याने दोन तुकडे केले आणि कोड चालतानाच ते जोडले. फिल्टरची प्रत्येक बंदी अशी एकेक करून ओलांडली गेली.

४ ऑक्टोबरला हा कोड त्याच्या प्रोफाइलमध्ये गेला. जो कोणी ते प्रोफाइल उघडेल त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनने, कोड दोन कामं करायचा: सॅमीला मैत्रीची विनंती पाठवायची, आणि त्या सदस्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ‘सॅमी माझा हिरो’ अशा अर्थाची ओळ आणि कोडची पूर्ण प्रत चिकटवायची. आता हे दुसरं प्रोफाइल जो बघेल तोही सापडला. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलांत ती ओळ पोचली आणि मायस्पेसला दुरुस्तीसाठी साइट बंद करावी लागली. कोणाचा पासवर्ड चोरला गेला नाही. तरी खटला झाला. जानेवारी २००७ मध्ये सॅमीने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांचं प्रोबेशन व समाजसेवेची शिक्षा झाली. पुढे तो सुरक्षा-संशोधक म्हणूनच नावाजला.

फिल्टरच्या यादीत ‘नवी ओळ’ घालायची राहून गेली, म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. ती घातली असती तर टॅब उरला असता, टॅब घातला असता तर आणखी काही. एकच मजकूर दोन जणांनी वाचला, आधी फिल्टरने आणि मग ब्राउझरने, आणि दोघांचं वाचन जुळलं नाही, हे खरं कारण. त्यात ब्राउझर स्वभावानेच उदार. बंद करायला विसरलेला टॅग तो बंद करून घेतो, चुकीच्या जागचा टॅग हलवतो, अर्धवट अ‍ॅट्रिब्यूट सावरतो. वेबवरची बहुतेक पानं चुकांनी भरलेली, आणि ती न दाखवणारा ब्राउझर कोण वापरणार? प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने चुका सावरत असे. चुका नेमक्या कशा सावरायच्या याचे नियम एचटीएमएल ५ ने पायरी-पायरीने लिहून काढले, तेव्हा कुठे त्यांच्यात मेळ बसला.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की लोकांकडून आलेल्या मजकुरात टॅग लागतातच का? नाव, गाव, शोधाचा शब्द, तक्रार यांत ते कधीच लागत नाहीत. तिथे काहीही काढायचं नसतं. अक्षरांना पानात नुसतं अक्षर म्हणून दाखवायचं असतं. यालाच एस्केप करणं म्हणतात. ‘<’ च्या जागी &#60; पाठवलं की ब्राउझर ते चिन्ह पडद्यावर काढतो, टॅगची सुरुवात समजत नाही. ‘&’, ‘>’ आणि दोन्ही अवतरणचिन्हं यांचंही तसंच करायचं. बहुतेक टेम्पलेट हे आपोआप करतात, पण खाचाखोचा आहेत. पीएचपीमधलं यासाठीचं नेहमीचं फंक्शन एकेरी अवतरणाला वर्षानुवर्षं हात लावत नव्हतं, ८.१ आवृत्तीपासून ते आपणहून तेही एस्केप करू लागलं. त्याआधी ज्यांनी अ‍ॅट्रिब्यूटची किंमत एकेरी अवतरणात लिहिली होती, त्यांचं दार उघडंच होतं.

एस्केप कधी करायचं? मजकूर पानात घालताना, साठवताना नाही. गोव्यातलं डि'सोझा हे आडनाव इंग्रजीत बरेच जण मध्ये एकेरी चिन्ह घालून लिहितात. साठवतानाच एस्केप केलं तर डेटाबेसमध्ये त्या चिन्हाच्या जागी &#39; जाऊन बसतं, दाखवताना त्यातला ‘&’ पुन्हा एस्केप होतो आणि एखाद्या डि'सोझा बाईंच्या पावतीवर, एसएमएसवर त्यांच्या नावात आकडे दिसू लागतात. शिवाय साठवताना तुम्हाला ठाऊकही नसतं की हे नाव उद्या पानात जाईल, लिंकमध्ये जाईल की स्क्रिप्टच्या आत. प्रत्येक जागेचं एस्केपिंग वेगळं. लिंकचा पत्ता ‘जावास्क्रिप्ट’ने सुरू होत असेल, तर त्यात एस्केप करण्याजोगं एकही चिन्ह नसू शकतं, तिथे पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसचा आहे ना, हेच तपासावं लागतं.

आता जिथे ठळक अक्षरं, याद्या, लिंक खरोखरच हव्यात, उदाहरणार्थ ईमेलचं पान, तिथे एस्केप करून भागत नाही. तिथे लागतो सॅनिटायझर. सोसायटीच्या वॉचमनला शहरातल्या सगळ्या चोरांचे फोटो देऊन उपयोग नसतो, रहिवाशांची यादी द्यावी लागते. इथेही परवानगी असलेल्या टॅगची आणि अ‍ॅट्रिब्यूटची यादी करायची, बाकी सगळं बाहेर. पण यादीइतकंच महत्त्वाचं हे, की मजकुरात शोधाशोध करत बसायचं नाही. आधी पार्सरकडून, म्हणजे ब्राउझरसारखं एचटीएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामकडून, मजकुरातल्या टॅगांचं पूर्ण झाड बनवून घ्यायचं, झाडाची फांदी न् फांदी यादीशी ताडायची आणि उरलेल्या झाडापासून नवं, नीटनेटकं एचटीएमएल लिहायचं. पीएचपीसाठी २००६ पासून एचटीएमएल प्युरिफायर आहे, जावास्क्रिप्टसाठी बर्लिनच्या क्युअर५३ चं डॉम-प्युरिफाय. हे काम घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या दोन ओळींत तर मुळीच नाही. ‘स्क्रिप्ट’ टॅग एकदाच काढणाऱ्या ओळीला त्या टॅगच्या पोटात दुसरा टॅग घालून दिला, तर आतला निघतो आणि बाहेरचे दोन तुकडे जुळून टॅग पुन्हा उभा राहतो.

झाड बनवूनही वाचनातला फरक पूर्ण संपत नाही. जपानी संशोधक मासातो किनुगावा याने गुगल शोधाच्या पानातच तो दाखवला. गुगलने दुरुस्ती केली फेब्रुवारी २०१९ मध्ये. गुगलचा सॅनिटायझर मजकूर टेम्पलेट टॅगमध्ये उघडून तपासत असे. तिथे स्क्रिप्ट बंद असते. स्क्रिप्ट बंद असताना ‘नोस्क्रिप्ट’ टॅगच्या आतला मजकूर साधा एचटीएमएल म्हणून वाचला जातो; चालू असताना तोच मजकूर नुसती अक्षरं म्हणून, नोस्क्रिप्टचा बंद होणारा टॅग येईपर्यंत. किनुगावाने तो बंद होणारा टॅग परिच्छेदाच्या टायटल अ‍ॅट्रिब्यूटच्या अवतरणात लपवला आणि त्याच्या मागोमाग, त्याच अवतरणात, एरर आली की कोड चालवणारा इमेज टॅग ठेवला. तपासताना हे सगळं एका निरुपद्रवी टायटलमधली अक्षरं होती. खऱ्या पानात, स्क्रिप्ट चालू असताना, नोस्क्रिप्ट मधेच बंद झाला आणि इमेज टॅग मोकळा सुटला.

म्हणून साफ झालेल्या मजकुराला नंतर कोणी हात लावू नये. ‘पहिली दोनशे अक्षरं दाखवा’ म्हणून तो कापला, तर कापणी एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटच्या मधोमध होते आणि न मिटलेलं अवतरण पानातलं पुढचं दुसरं अवतरण येईपर्यंत सगळं पोटात घेतं. आधी कापा, मग साफ करा. लायब्ररीही जुनी ठेवू नका, कारण असे फरक अजून सापडत आहेत. तरीही एखादा कोड निसटलाच तर तो चालू न देण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. तिचं नाव सीएसपी; पुढच्या लेखात तिच्याकडे वळू.