आकाशातून दिसणाऱ्या बांगड्या

दोस्तांनो, मणिपूरच्या लोकटाक सरोवराचं उपग्रहानं टिपलेलं चित्र कधी पाहिलंय? नसेल, तर आई-बाबांना सांगून संगणकावर जरूर शोधा. गर्द पाण्यावर कुणीतरी मूठभर हिरव्या बांगड्या उधळल्यात, असंच वाटेल!

या बांगड्या म्हणजे मच्छीमारांनी मासे पकडायला केलेली गोल कुंपणं. ती बनतात फुमदीपासून. आता फुमदी म्हणजे काय? गवत, मुळं, कुजलेला पाला आणि माती यांचा गच्च विणलेला तरंगता थर. त्याचा जेमतेम पाचवा भाग पाण्यावर, बाकी सगळा पाण्याखाली!

सरोवराच्या दक्षिण टोकाला तर फुमदीचं अख्खं अरण्यच तरंगतं. ते म्हणजे सुमारे ४० चौरस किलोमीटरचं कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान. तिथं त्या थरावरून चक्क हरणं चालतात. त्यांचं नाव संगाई. १९५१ मध्ये ती नामशेष झाली असंच सगळे समजले होते. पण दोनच वर्षांनी ती पुन्हा सापडली. १९७५ च्या मोजणीत भरली फक्त १४. २०१६ मध्ये मात्र २६०!

उपग्रहाच्या काही चित्रांत हे उद्यान लालभडक दिसतं. घाबरू नका हं! हिरवी पानं अवरक्त किरण जोरात परत फेकतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ चित्रात त्यांना लाल रंग देतात. पाणी ते किरण शोषून घेतं, म्हणून ते काळं. वेगवेगळ्या वर्षांची चित्रं शेजारी ठेवली की फुमदी कुठं पसरली, कुठं आटली, ते लगेच कळतं.

पण एक गोष्ट त्यातून कळत नाही, आणि संगाईचा जीव नेमका तिच्यावर टांगलेला आहे. पूर्वी उन्हाळ्यापर्यंत पाणी उतरायचं, फुमदी तळाला टेकायची, मुळं तिथल्या गाळातून पोट भरून घ्यायची आणि पावसाळ्यात थर पुन्हा वर यायचा. १९८३ मध्ये वीजनिर्मितीसाठी इथाईचा बंधारा झाला. तेव्हापासून पाणी बारमाही चढंच राहतं. उपाशी मुळं झडली, उद्यानातला थर पातळ होऊ लागला. पातळ थरात हरणाचा खूर आरपार जातो.

आणि गंमत बघा, थर जाड असो वा पातळ, वरची पानं हिरवीच. चित्रात दोन्हींचा रंग लालच! मग जाडी मोजायला आजही कुणालातरी होडी घेऊन तिथं जावंच लागतं.