ठेका आता आपल्या हाती

मुलीला गाणं शिकवावं, जमल्यास पेटी शिकवावी आणि पाय हलके असतील तर नाचाच्या वर्गाला घालावं, एवढं आपल्या घरांतून आता सर्रास मान्य झालं आहे. तबला मात्र अजून मुलासाठी राखून ठेवलेला! मुलगा टेबलावर बोटं आपटायला लागला की घरातले कौतुकानं म्हणतात, "याला तबल्याला घाला." मुलीनं तसंच ताट वाजवलं की, "किती गं तो आवाज!" आणि दोन मुलांच्या आईनं, तिशी-पस्तिशीत, "मला तबला शिकायचाय" असं म्हटलं तर? घरातले आधी हसतात आणि मग विचारतात, "आता या वयात? आणि कशासाठी?"

'कशासाठी' याचं उत्तर भजनी मंडळात जाणारी कोणतीही बाई चटकन देईल. गावोगावच्या महिला मंडळांत गाणाऱ्या बायका, पेटीवर बाई, टाळ तर सगळ्यांच्याच हातात. तबल्यावर तेवढे बाहेरून बोलावलेले कुणी काका किंवा दादा. त्यांच्या सोयीनं सरावाची वेळ ठरायची आणि मिळालेल्या मानधनातला मोठा वाटा त्यांच्या जाण्यायेण्याला लागायचा. आषाढी, श्रावण, नवरात्र अशा दिवसांत त्यांना एकाच दिवशी तीन-तीन आमंत्रणं असतात, आणि त्यात बायकांच्या मंडळाचा नंबर शेवटचा!

आमच्या मंडळावर एका आषाढीला हीच पाळी आली. चारचा कार्यक्रम आणि साडेतीनला निरोप, "आज जमत नाही." टाळांवर निभावून नेलं खरं, पण ठेका नसला की लय कशी पळते ते त्या दिवशी कळलं. प्रत्येक अभंग आधीच्यापेक्षा जलद. शेवटच्याला तर सगळ्यांना धाप लागली! प्रसाद वाटताना आम्ही दोघींनी ठरवलं, की पुढच्या आषाढीला तबल्यावर आपल्यापैकीच कुणीतरी बसेल. त्या खटपटीत जे कळलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

बायका दूर का राहिल्या?

याची कारणं वाद्यात नाहीत, रीतीभातीत आहेत. एक तर चामड्याचं वाद्य. सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्याला हात लावणंच नको असे. दुसरं म्हणजे तबला आणि ढोलकी यांचं नातं बैठकीशी, तमाशाशी जोडलं गेलं. तिथं 'घरंदाज' बाईचं काय काम, असं म्हटलं गेलं. तिसरं कारण ताकदीचं सांगतात आणि ते तर साफ खोटं आहे. तबल्याला जोर लागत नाही, सैल मनगट लागतं.

मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी रंगमंचावर एकल तबलावादन केलं ते अशा काळात, की तबल्यावर बाई बसलेली पाहणंच लोकांना नवं होतं. शिवाय त्यांनी पखावज आणि तबल्याच्या घराण्यांवर हिंदीत मोठा अभ्यासग्रंथ लिहिला. अनुराधा पाल यांनी उस्ताद अल्लारखा आणि उस्ताद झाकीर हुसेन या पितापुत्रांकडे शिक्षण घेतलं, आणि १९९६ साली 'स्त्री शक्ती' हा बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. पं. सुरेश तळवलकरांची कन्या सावनी तळवलकर आज मैफली गाजवते आहे. तेव्हा 'बाईचा हात तबल्याला लागत नाही' हे कुणी सांगितलं तर खुशाल हसावं!

शिक्षक शोधायचा कुठे?

मोठ्या शहरात पाट्या दिसतात. आपल्यासारख्या गावात विचारपूस करावी लागते. पहिली जागा म्हणजे संगीत विद्यालय. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रं अनेक लहान गावांतूनही आहेत. आपल्या जवळच्या केंद्रावर तबल्याची मुलं कोण बसवतं, एवढं विचारलं तरी दोन-तीन नावं मिळतात. दुसरी जागा म्हणजे तबले दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. गावात कोण वाजवतं, कोण शिकवतं, कुणाचा हात चांगला आणि कुणाचा स्वभाव, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं! तिसरी जागा देऊळ. काकड्याला, सप्ताहात पखावज-तबल्यावर बसणाऱ्यांपैकी काही जण शिकवण्याही करतात.

चांगलं वाजवणारा चांगलं शिकवतोच असं नाही. म्हणून फी ठरवण्याआधी एखादी शिकवणी नुसती बघायला मिळेल का, असं मोकळेपणानं विचारावं. गुरुजी चुकलेल्या मुलाचा हात धरून बोट जागेवर ठेवतात की नुसतेच 'पुन्हा' म्हणतात? बोल आधी तोंडानं म्हणून घेतात का? हातावर टाळी धरायला लावतात का? या तीन गोष्टी दिसल्या तर निर्धास्त राहावं. पहिल्याच आठवड्यात झगमगीत तुकडे शिकवू बघणाऱ्यापासून मात्र चार हात दूर!

आम्ही गेलो तेव्हा एका ठिकाणी उत्तर मिळालं, "बायकांचं काय, दोन महिने येतात आणि लग्नकार्य निघालं की बंद." दुसऱ्यांनी आडून सुचवलं, की मुलालाच पाठवा. तिसरे गुरुजी म्हणाले, "एक महिना या. हात बसतोय की नाही ते तुम्हालाही कळेल, मलाही." असा महिनाभराचा बोलीचा करार सगळ्यांत उत्तम. फी महिन्याची की तासाची, आपण गैरहजर राहिलो तर तास भरून मिळतो का, सणासुदीच्या सुट्या कशा धरायच्या, हे आधीच बोलून घ्यावं. पुढे संकोचानं मन खट्टू होत नाही.

शक्यतो दोघींनी मिळून शिकायला जावं. फी थोडी हलकी होते, जाण्यायेण्याला सोबत होते आणि एकीचा कंटाळा दुसरी मोडते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनातली न बोललेली शंकाही आपोआप मिटते. गुरुजींच्या घरी माणसांची वर्दळ असेल, त्यांच्या घरच्या मंडळींशी ओळख होत असेल, तर फारच छान.

हल्ली मोबाईलवरूनही शिकवण्या चालतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्यांनीच अनेकांची विद्या जिवंत ठेवली. पण पहिले काही महिने तरी गुरूसमोर बसावं, असं मी म्हणेन. बोट शाईवर पडलं की चाटेवर, हे पडद्यावर नीट दिसत नाही, आणि एकदा बसलेला चुकीचा हात सोडवायला दुप्पट दिवस लागतात.

जोडी घेताना

पहिली जोडी गुरुजींना विचारल्याशिवाय घेऊ नये. तबला, म्हणजे उजव्या हाताचा, लाकडाचा. त्यात शिसवीचा चांगला. डाव्या हाताचा डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा. तबल्याचं तोंड जितकं लहान तितका स्वर उंच. बायकांचा गाण्याचा स्वर साधारण पांढरी पाच, काळी चार, काळी पाच असा, तर पुरुषांचा काळी एक-दोनच्या आसपास. तेव्हा पुढे आपल्याला कुणाची साथ करायची आहे हे सांगूनच तबला निवडावा. नाहीतर मंडळाच्या सुराला तो लागायचाच नाही! पुडीवरची शाई एकसारखी आहे ना, तिला तडे नाहीत ना, वाद्या घट्ट आहेत ना, हे पाहून घ्यावं. पैशांची ओढ असेल तर जुनी जोडी घेऊन नवी पुडी चढवून घेणं परवडतं.

सोबत हातोडी, दोन चुंबळी आणि गवसणी हवीच. हातोडीनं गजऱ्यावर वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. पण हे काम आधी गुरुजींच्या देखत करावं. पावसाळी हवेत पुडी सैल पडून स्वर उतरतो, त्यामुळे भिंतीला ओल येते त्या खोलीत जोडी ठेवू नये. स्वयंपाकघराच्या वाफेपासूनही ती लांबच बरी. तेलकट हातानं तर तबल्याला शिवूच नये. फोडणी दिली, हात पुसला आणि बसलो, हे चालत नाही. साबणानं हात धुऊन, कोरडे करूनच बसावं. आणि एक गंमत ठाऊक आहे का? पखावजाच्या डाव्या तोंडाला घुमारा येण्यासाठी चक्क कणीक लावतात. तेव्हा आपलं स्वयंपाकघर तालवाद्यांना अगदीच परकं नाही!

बांगड्यांचा प्रश्न

आमच्या घरी सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती फीची नाही, वेळेची नाही, बांगड्यांची! डग्ग्यावर डाव्या हाताचं मनगट टेकवून ते थोडं पुढं-मागं सरकवायचं असतं, तेव्हाच तो घुमतो. काचेच्या बांगड्या काठावर आपटतात, पिचतात, त्यांची किणकिण बोलांत मिसळते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हात ओकाबोका ठेवून बसणार का?" त्यांचं म्हणणं मनापासून होतं, हे मला ठाऊक होतं. वाद न घालता तोड निघाली ती गुरुजींच्या पत्नीकडून. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि त्यांवर रुमाल गुंडाळायचा! सासूबाईंचं समाधान झालं आणि डग्गाही बोलू लागला. अंगठ्या मात्र काढूनच ठेवाव्यात, आणि नखं अगदी बारीक कापावीत.

बसायचं मांडी घालून, पाठ ताठ ठेवून. गुडघे दुखत असतील तर जोडी बेताच्या उंचीच्या स्टुलावर ठेवून खुर्चीवर बसलं तरी चालतं. बोटं थोडी दुखणारच. पण मनगटात किंवा खांद्यात कळ यायला लागली तर थांबावं आणि गुरुजींना दाखवावं. बहुतेक वेळा हात आवळला गेलेला असतो. आमचे गुरुजी पहिले दोन महिने एकच वाक्य म्हणत, "बाई, भाकरी थापू नका, तबला वाजवा!"

काय, किती दिवसांत?

सुरुवात सुट्या अक्षरांपासून होते. तबल्यावर ना, ता, ती. डग्ग्यावर गे आणि क. दोन्ही हात एकदम पडले की धा. मग तिरकिट, आणि हे तिरकिट भल्याभल्यांना रडवतं! तीन-चार महिन्यांत सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा हाताखाली येऊ लागतो. भजनाच्या साथीला ही मोठीच शिदोरी. त्यानंतर सोळा मात्रांचा तीनताल, दहा मात्रांचा झपताल, सात मात्रांचा रूपक.

रोज सलग तास मिळणं आपल्याला कठीण. म्हणून रियाजाचे दोन भाग करावेत. हाताचा रियाज वीस मिनिटं, पण रोज, आणि ठरल्या वेळी. दुपारी अडीचला शेजारी झोपलेले असतात, तेव्हा आधी त्यांना सांगून ठेवावं; खाली जाड सतरंजी किंवा घोंगडी घातली की खालच्या मजल्यावर आवाज कमी जातो. दुसरा भाग तोंडाचा. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना ठेका म्हणायचा, चालताना मात्रा मोजायच्या. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. तिथं टाळी न वाजवता हात नुसता उघडायचा, पण मात्रा मोजायचीच. लय पक्की झाली की मोबाईलवर पेटीचा लेहरा लावून वाजवावं. लेहरा थांबत नाही, त्यामुळे आपली लय पळाली की लगेच पकडली जाते.

परीक्षा द्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गांधर्व मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात, आणि शाळकरी मुलांशेजारी आईच्या वयाच्या बायकाही त्यांना बसतात. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते हे खरं. पण साथ शिकायची तर साथच करावी लागते. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा थोर एकलवादक बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथीला बसत असे. गाणाऱ्याचा श्वास ओळखून ठेका धरणं हे दुय्यम काम मुळीच नाही.

घरच्यांचं काय?

घरचे लगेच पाठीशी उभे राहतात असं नाही. ह्यांनी पहिले दोन महिने "चाललंय ना तुझं?" एवढंच विचारलं. फी मी माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून देते, त्यामुळे त्यावर बोलणं झालं नाही. स्वतःची मिळकत नसेल तर घरखर्चातून चोरून वाचवण्यापेक्षा उघड मागावी. मुलांच्या शिकवण्यांना आपण पैसे मोजतोच ना? तसंच हेही. मुलं मात्र लवकर सामील होतात. आईला तिरकिट येत नाही आणि आपल्याला तोंडानं भरभर म्हणता येतं, याचा त्यांना केवढा आनंद!

पुढच्या आषाढीला काय झालं, तेही सांगते. माझी मैत्रीण चार अभंगांना आणि मी तीन अभंगांना बसले. दोघींनाही फक्त केरवा आणि दादरा येत होता, म्हणून चाली तशाच निवडल्या. हात कापत होते, पण लय पळाली नाही. कार्यक्रमानंतर मंडळातल्या साठी ओलांडलेल्या एका काकूंनी हळूच विचारलं, "गुरुजी माझ्या वयाच्या बाईला घेतील का गं?" त्या आता दर बुधवारी आमच्याबरोबर येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या आठवड्यात एवढंच करा. गावातल्या तबला दुरुस्तीच्या दुकानात जा आणि विचारा, "इथं तबला कोण शिकवतं?" दुकानदार बहुधा म्हणेल, "मुलाला शिकवायचाय का?" खुशाल सांगा, "नाही, मला!"