विद्युत्-पानावरील दिनदर्शिका आणि व्यापाऱ्याची टिपणवही

व्यापाऱ्याच्या गादीवर कीर्द आणि खतावणी यांच्या जोडीला एक तिसरी लहानशी वही असते. तिला कोणी मुदतवही म्हणतात, कोणी नुसती टिपणवही. कोणाचे पैसे कोणत्या दिवशी द्यावयाचे, कोणाकडून कधी यावयाचे, कोणता परवाना कधी संपतो, एवढेच तीत असते. परंतु पेढीची पत पुष्कळशी ह्याच वहीवर उभी असते. कीर्दीतील चूक मागाहून दुरुस्त करता येते. ठरल्या दिवशी न पोहोचलेला पैसा दुसऱ्या दिवशी पोहोचला, तरी मधल्या एका रात्रीत समोरच्याच्या मनात जी शंका उत्पन्न होते ती जमाखर्चात कोठेच दुरुस्त होत नाही.

गेल्या काही वर्षांत ही वही मोबाईलमध्ये गेली आहे. तीत सोय आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच मोबाईलवर बाजारभाव येतात, लग्नपत्रिका येतात, बँकेचे संदेश येतात, आणि सकाळच्या शुभेच्छा तर पोत्याने येतात. आमच्या पेठेतील एका पेढीत देण्याच्या तारखेची नोंद मोबाईलमध्ये होती, घंटाही वेळेवर वाजली. पण त्याच क्षणी गाडीवाल्याचा फोन आला आणि ती सूचना बोटाने बाजूला सारली गेली. सौदा तुटला नाही. मात्र पुढील खेपेस समोरच्या आडत्याने माल उतरण्यापूर्वी रोख मागितली. नोंद असणे आणि नोंद डोळ्यांसमोर राहणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दुसरी गोष्ट साधण्यास ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचण्याचे विद्युत्-यंत्र, कितपत उपयोगी पडते याविषयी सभासद बंधूंकडून वारंवार विचारणा होते. घरोघरी मुलांनी वा सुनांनी आणलेले एखादे किंडल असतेच, आणि त्यावर दिनदर्शिका का बसू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

प्रथम यंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ई-रीडरचा पडदा मोबाईलच्या काचेसारखा आतून उजळणारा नसतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे कण तरंगत असतात. एका रंगाच्या कणांवर धन विद्युत्‌भार, दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा दाब उलटसुलट केला की पांढरे कण वर येतात किंवा काळे. आणि एकदा वर आले की वीज बंद केली तरी तेथेच राहतात. पान बदलतानाच काय ती वीज खर्च होते. ही शाई तयार करणारी ई-इंक ही कंपनी १९९७ साली अमेरिकेत निघाली. तिच्या पडद्याचे पहिले वाचनयंत्र सोनीने २००४ साली जपानात विकावयास काढले, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. पडदा छापील कागदासारखा दिसतो, उन्हात चकाकत नाही, आणि साठी ओलांडलेल्या डोळ्यांना मानवतो. ह्या एका गुणासाठी आम्ही त्याचे बाकीचे दोष पत्करण्यास तयार आहो.

दोष आहेतच. पडदा मंद आहे. यादी बोटाने सरकवू गेल्यास अक्षरे फरफटतात, आणि मागच्या पानाची पुसट छाया पुढच्या पानावर राहते. तेव्हा जे ॲप पान उलटल्याप्रमाणे चालते ते येथे शोभते. जे सतत हलते, रंग उधळते, ते येथे त्रास देते. निवड करताना हीच कसोटी लावावी.

बाजारातील यंत्रांच्या दोन जाती आहेत. एक बंदिस्त, दुसरी मोकळी. किंडल आणि नॉर्वेचे रिमार्केबल ही बंदिस्त जातीची. त्यांत कंपनीने जे दिले तेवढेच, बाहेरचे ॲप घालता येत नाही. (२०१० साली ॲमेझॉनने बाहेरच्या कारागिरांस किंडलसाठी लहान ॲप करण्याची मुभा दिली होती, शब्दांचे खेळ निघाले, टिपणवह्या निघाल्या, पुढे ते दुकान बंद पडले.) मोकळ्या जातीत चीनच्या ओनिक्स कंपनीचे बूक्स हे यंत्र प्रमुख. ते मोबाईलप्रमाणे अँड्रॉइडवर चालते, त्यामुळे मोबाईलवरील बहुतेक ॲप त्यात बसतात.

मोकळ्या यंत्रासाठी आमची शिफारस अगदी साधी आहे. गूगल कॅलेंडर घ्यावे, कारण मोबाईलवर मुलाने केलेली नोंद तेथे आपोआप उतरते. मात्र महिन्याचे चित्र न ठेवता वेळापत्रकाची यादी ठेवावी. महिन्याच्या चौकटीत निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एकाच राखाडी रंगाच्या होतात, आणि त्यांवरील पांढरी अक्षरे दिसेनाशी होतात. यादीत तारीख व काम ओळीने वाचता येते. रंगावरून देणे-घेणे ओळखण्याची सवय असेल तर ती सोडून नोंदीच्या आरंभी ‘देणे’ किंवा ‘घेणे’ हा शब्दच लिहावा. बूक्समध्ये प्रत्येक ॲपची अक्षरे ठळक करण्याची व पार्श्वभूमी उडविण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. कामांच्या यादीसाठी टूडूइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू यांपैकी कोणतेही एक चालेल. दोन्ही ठेवू नयेत. दोन मुदतवह्या ठेवणाऱ्याची एकही वही पूर्ण नसते.

बंदिस्त यंत्रावर मार्ग निराळा, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस तोच अधिक आवडतो. तेथे ॲप नाही, म्हणून दिनदर्शिकाच पुस्तक करून घालावी. किंडल स्क्राइब हे २०२२ साली आलेले लेखणीचे यंत्र. त्याच्या वहीत रोजचे, आठवड्याचे व महिन्याचे आखीव पान तयारच मिळते. त्याहून चांगली रीत म्हणजे पीडीएफ-वर्षवही. तीत पहिल्या पानावर बारा महिने, महिन्यावर बोट ठेवले की महिन्याचे पान, तारखेवर ठेवले की त्या दिवसाचे कोरे पान. आणि त्या पानावर लेखणीने लिहावयाचे. अशा वर्षवह्या विकत मिळतात, परंतु संगणकावर लिब्रेऑफिससारख्या फुकट साधनाने शाळेतील मुलगीही ती दोन संध्याकाळांत करील, आणि तीत आपल्या धंद्याचे रकाने असतील: आवक, पोती, दलाल, मुदत.

ज्यांचे यंत्र सहा इंची व बिनलेखणीचे आहे त्यांनी पीडीएफच्या वाटेस जाऊ नये. मोठ्या कागदाचे पान एवढ्याशा पडद्यावर मुंगीच्या अक्षराचे होते. त्यांनी वर्षातील ठरलेल्या तारखांचे एक छोटे ई-पब पुस्तक करावे. किंडलकडे हा प्रकार २०२२ पासून पाठविता येतो, आणि अक्षर हवे तेवढे मोठे होते. त्यात मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कराच्या ११ आणि २० ह्या तारखा, मुळातून कापलेल्या आयकराच्या भरण्याची ७ तारीख, आगाऊ आयकराचे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च हे चार हप्ते, आणि विद्युत्-काट्याची दर बारा महिन्यांची फेरपडताळणी, एवढे आले तरी मुनीमजींचा अर्धा भार उतरतो. सरकार कधी मुदत वाढविते, म्हणून अशा पुस्तकावर अवलंबून वाढीव तारीख धरू नये. मूळ तारीखच धरावी. आपल्या संघाने दरवर्षी मार्चमध्ये अशी एक फाईल करून सभासदांस पाठविली तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

आता तिथीचा प्रश्न. ह्या बाबतीत परदेशी ॲप आपल्या घरास अपुरे पडते. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचे वर्ष मार्चअखेरचे झाले, तरी वहीपूजन कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या सुमारासच होते, वीर निर्वाण संवतही त्याच दिवशी बदलतो, आणि घरातील अष्टमी-चतुर्दशी चंद्राप्रमाणेच येते. प्रचलित दिनदर्शिकेत ‘दरवर्षी पुन्हा’ असे सांगितले तर ती इंग्रजी तारीखच पुन्हा आणते. दिवाळीचा पाडवा २०२३ साली १४ नोव्हेंबरला होता, २०२४ साली २ नोव्हेंबरला, २०२५ साली २२ ऑक्टोबरला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ येत असल्याने तो पुन्हा १० नोव्हेंबरवर जातो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि अधिक मास ती तूट भरून काढतो, हा हिशेब आजीला तोंडपाठ होता. यंत्रास तो कोणी शिकविलेला नसतो. शिवाय तिथी सूर्योदयावर धरली जाते आणि सूर्योदय गावागणिक वेगळा, म्हणून इंदूरच्या व हैदराबादच्या पंचांगांत क्वचित एक दिवसाचे अंतर पडते. सबब तिथीची कामे ‘पुन्हा पुन्हा’ या सोयीवर कधीही सोपवू नयेत. वर्षारंभी आपल्या गावच्या पंचांगावरून पर्युषण, दशलक्षण, अष्टमी-चतुर्दशी ह्यांच्या इंग्रजी तारखा एकदाच उतरवून घ्याव्यात. हे काम घरातील स्त्रियांकडे दिल्यास बिनचूक होते, असा आमचा अनुभव आहे.

ई-रीडरकडून घंटेची अपेक्षा करू नये. यंत्र झोपले की त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध बहुधा तुटलेला असतो, आणि पुष्कळ यंत्रांना आवाजच नाही. म्हणून ज्या कामाचा मिनिटाशी संबंध आहे, जसे रेल्वेचे आरक्षण किंवा बँकेची वेळ, ते मोबाईलवरच असू द्यावे. ज्याचा दिवसाशी संबंध आहे ते ई-रीडरवर. सकाळी दुकान उघडल्यावर दिवसाचे पान काढावे, संध्याकाळी मेळ जमविताना उरलेले काम उद्याच्या पानावर हाताने उतरावे. हाताने उतरण्याचा कंटाळा येतो, आणि तोच त्याचा उपयोग आहे: तीन दिवस उतरलेली वसुली चौथ्या दिवशी मनुष्य स्वतः उठून करतो. यंत्राने आपोआप पुढे ढकललेले काम वर्षभर पुढे ढकलले जाते.

लेखणीच्या यंत्राचा आणखी एक गुण सांगावासा वाटतो. आपले अक्षर ते चित्र म्हणून जपते. मराठी, कन्नड, आपल्या वडिलांची मोडी, किंवा दलालांच्या खुणा, काहीही लिहा, ते तक्रार करीत नाही.

मात्र हे चित्र पुष्कळदा कंपनीच्या दूरच्या साठ्यातही जाते, हे ध्यानात असावे. पक्षकारांची पूर्ण नावे, बँकेचे क्रमांक, गुप्त शब्द ह्या पानांवर लिहू नयेत; आद्याक्षर पुरे. यंत्रास कुलूप-अंक घालावा. बूक्समध्ये झोपलेल्या पडद्यावर शेवटचे पान तसेच ठेवण्याची सोय आहे. ती गादीवर फार उपयोगी वाटते, कारण दिवसभर वीज न जाळता पान समोर राहते. पण गादीसमोर दलालही बसतो, आणि त्यास उलटी अक्षरे वाचता येतात. भावाचे पान उघडे ठेवून चहास जाऊ नये.

धान्याच्या दुकानात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे भुसा. प्रभारणाच्या छिद्रात तूर-हरभऱ्याची धूळ बसली की तार लागेनाशी होते. यंत्रास झाकणाचे वेष्टन घालावे, छिद्र महिन्यातून एकदा कोरड्या कुंचल्याने साफ करावे, आणि यंत्र पोत्यांवर न ठेवता गल्ल्याच्या फळीवर ठेवावे.